धाकूच्या अंगातलं

फौजेने विश्राम मढवीला घरी पाठवलं तेव्हा त्याच्या वैद्यकीय फाइलमध्ये सोळा पानं होती. त्यातल्या नवव्या पानावर त्याचा बाप होता.

बाप म्हणजे धाकू मढवी. कळव्याच्या खाडीकाठी मिठागरांवर राबलेला माणूस. त्याला मरून तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती. जिवंतपणी त्याने फौजेचा ट्रकसुद्धा जवळून पाहिला नसेल. पण नवव्या पानावर एका तरुण कॅप्टन डॉक्टरने इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, की वडिलांना अशाच प्रकारचे झटके येत असत. त्या एका ओळीने पुढची सगळी पानं ठरवून टाकली. आजार, अपस्मार. कारण, आनुवंशिक असण्याची शक्यता. सेवेमुळे उद्भवलेला? नाही. सेवेमुळे बळावलेला? नाही. अपंगत्व पंधरा ते एकोणीस टक्के. विसाच्या खाली असलं की अपंगत्वाचं पेन्शन मिळत नाही, हे त्याला मागाहून कळलं. पण त्याच्या जिवाला लागली ती टक्केवारी नव्हे, ती दोन ‘नाही’.

ती ओळ आपल्याच तोंडून गेली, हे विश्रामला पक्कं ठाऊक होतं. फौजेतून मोकळं करण्याआधीच्या तपासणीत कॅप्टनने विचारलं होतं, "घर में किसी को ऐसा होता था?"

"पिताजी के अंग में आता था, साहब."

"क्या आता था?"

"देवी, साहब. काँपते थे, गिर जाते थे. आँखें ऊपर."

कॅप्टनने पेन थांबवून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली मान घालून लिहिलं. फौजेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, ते खरं द्यायचं असतं. विश्रामने दिलं. आपण देवाबद्दल सांगत होतो आणि समोरचा रोगाबद्दल ऐकत होता, हे त्याला घरी येऊन फाइल वाचून घेतली तेव्हा उमगलं.

विश्रामचं म्हणणं अगदी वेगळं होतं. हा आजार त्याच्यात शिरला तो एका फेब्रुवारीतल्या दुपारी, अठरा हजार फुटांवर. चौकीवरच्या झोपडीवर वरच्या उताराचा बर्फ येऊन बसला. आत दोघेच होते, विश्राम आणि साताऱ्याकडचा जगन. छताची लोखंडी पट्टी विश्रामच्या डोक्यात बसली आणि मग सगळा अंधार. शेगडी उलटली होती. रॉकेलचा वास नाकातून थेट घशात उतरत होता. जगन हाताच्या अंतरावर होता, पण हात हलवायला जागा नव्हती.

"विश्राम, किती वाजलं रं?" जगनने विचारलं.

विश्रामचं मनगट तोंडापाशीच अडकलं होतं. घड्याळाचे काटे हिरवे चमकत होते. "पावणेचार."

जरा वेळाने पुन्हा. "किती वाजलं?"

"तीन पन्नास."

मग जगनने विचारायचं बंद केलं. विश्राम मात्र सांगत राहिला. चार. चार पाच. सव्वाचार. फावडी पोचली तेव्हा साडेचार झाले होते, तेही त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हवा उघडली आणि हेलिकॉप्टर आलं. त्या उंचीवरून ते एकालाच उचलू शकत होतं. जखमी असेल तर तो आधी, गेलेला मागाहून. मागाहून म्हणजे पुन्हा कधी हवा उघडेल तेव्हा. आदल्या वर्षी एका गेलेल्या शिपायाला खाली जायला एकवीस दिवस लागले होते. "सर में चोट है क्या?" असं विचारल्यावर विश्रामने लोकरी टोपी कानांखाली ओढली आणि म्हणाला, "ठीक हूँ साहब." त्या फेरीत जगनचा देह खाली गेला. कागदावर विश्रामच्या डाव्या पायाची दोन बोटं तेवढी आली, हिमबाधा म्हणून. डोकं आलंच नाही.

पहिली फिट दोन वर्षांनी, सपाटीवरच्या छावणीत आली. तेव्हापासून दरवेळी आधी रॉकेलचा वास येतो. शुद्धीवर येताना तो वेळ बोलतो. दर्शना, त्याची बायको, तिला सुरुवातीला वाटलं की नवरा वेळ विचारतोय, म्हणून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगायची. मग तिच्या लक्षात आलं, तो विचारत नाही, सांगतोय. कुणाला, हे तिने एकदाच विचारलं. पुन्हा नाही विचारलं.

गावाचं आणखी तिसरंच म्हणणं होतं.

गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. आता चार मजली इमारतींमधून उरलेली एक गल्ली आहे, टोकाला गावदेवीचं देऊळ, पलीकडे तिवरांचं रान. मिठागरं कधीच गेली. पण चैत्रात पालखी निघते आणि ढोल घुमायला लागतात तेव्हा गल्ली पुन्हा गाव होते. दोन वर्षांपूर्वी पालखी दारात आली असताना विश्राम पडला. त्याला कुणी उचललं नाही. शुद्ध आली तेव्हा एक म्हातारी पदराने त्याच्या तोंडाचा फेस टिपत होती आणि बाया आपली तान्ही पोरं त्याच्या पायांवर घालत होत्या. त्याने "पावणेचार" म्हटलं, तर लोकांनी ते घरोघर नेलं. पावणेचार म्हणजे काय, देवीला काय सुचवायचंय, यावर चार दिवस खल चालला.

देवळाची व्यवस्था बघणारा पंढरी दुसऱ्याच सकाळी आला. सत्तरीचा, पान खाऊन लाल झालेलं तोंड. खुर्चीत ऐसपैस बसला.

"धाकूची जागा तीस वर्सां रिकामी हाय, इश्राम. आता ती भरली. तू गोल्या कशाला खातंस? देवीला झोप लावतंस काय?"

"काका, हा आजार आहे. डोक्याला मार लागलेला मला."

"मार तं मना पन लागलाय. बायकोनं तांब्या मारलेला. मना कुठं देवी आयली?" पंढरी स्वतःच खदखदून हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बापसाचा हाय ता नाकारू नुको. बरा नसतं."

एकाच अंगावर असे तीन दावे. फौज म्हणे, रोग आहे पण बापाचा. गाव म्हणे, बापाचं आहे पण रोग नव्हे. विश्राम म्हणे, रोग आहे आणि बर्फातला आहे. बापाला त्यातून सोडवायचं आणि जगनला कागदावर आणायचं, एवढ्यासाठी तो पाच वर्षं अर्ज करत होता. पहिलं अपील तीन ओळींत फेटाळलं गेलं. मग कुणीतरी ठाण्याच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या योगिनी वकिलांचं नाव सांगितलं. त्यांनी दीड वर्ष पत्रं लिहून नवं मेडिकल बोर्ड मंजूर करून आणलं.

"दादा, आपल्याला फक्त एक ओळ खोडायचीये," योगिनी म्हणाल्या. टेबलावर डबा उघडा, एका हातात पोळी, दुसऱ्या हाताने फाइलची पानं उलटत. "अंगात येणं आणि फिट येणं यातला फरक त्या कॅप्टनला कळलेला नाही. त्याची चूक नाही, त्याच्याकडे तसा शब्दच नसेल. आईंचं ॲफिडेव्हिट द्या. माझ्या पतीस कधीही फिट आली नाही, वर्षातून एकदा, पालखीच्या दिवशी त्यांच्या अंगात गावदेवीचं वारं येत असे. गावातल्या कुणाचं एक द्या. प्रथा आहे ही, रोग नाही. ओळ गेली की त्यांच्याकडे उरतंच काय?"

विश्रामला वाटलं, इतक्या वर्षांत आपली भाषा कळणारं कोणीतरी भेटलं. पंढरीने आपल्या ॲफिडेव्हिटवर सही करताना सांगितलं, "न् सरकारला बोल, देवीला पन पेन्शन लावा." त्याच्या दृष्टीने तो देवीची साक्ष देत होता.

आईचा कागद विश्रामने तिला दुपारी वाचून दाखवला. ठमाबाई गच्चीवर सुकत घातलेल्या सुकटीपाशी बसली होती, हातात कावळे हाकलायची काठी. वाचून झालं तशी म्हणाली, "परत वाच." त्याने वाचलं.

"यो ‘कधीही’ काडून टाक," ती म्हणाली. "बाकी सगला खरा हाय."

"म्हणजे काय, आये?"

ती काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली.

"तू पोटात होतास. पालखी नवती, ढोल नवता. मी भाकर घेऊन मिठागरान गेली, तं तुजा बापूस बांधावर परलेला. हातपाय झारत होता. डोले पांढरे. मी बोंब मारली. पंढरीचा बापूस तवा भगत होता. त्यानं अंगारा लावला न् बोलला, देवी आयली. सगल्यांनी हात जोरले. मी पन जोरले. पुढच्या चैतापासून पालखीन पन यायला लागली."

"मग पालखीत यायची ती खरी की..."

"ती खरी असंल. मी कोन सांगनार? पन मिठागरान यायची ती देवी नवती रं. देवी मानसाला कापरांत मुतवील काय?"

विश्रामला आठवत होतं ते एवढंच, की आई रोज मिठागरावर जायची. बाप मीठ ओढायचा आणि ती बांधावर काळी छत्री उघडून दिवसभर बसायची. बाया हसायच्या, ठमीला नवऱ्याशिवाय करमत नाही. आई नवऱ्यावर पहारा ठेवून असायची हे त्याला आज, त्रेचाळिसाव्या वर्षी, सुकटीच्या वासात कळत होतं. आणि त्यामागोमाग दुसरं कळलं. धाकू मेला तो मिठागराच्या चरात, गुडघाभर पाण्यात, उपडा पडून. गाव म्हणालं होतं, देवीने नेलं. अकरा वर्षांच्या विश्रामला त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नव्हतं. पुढे फौजेत पोहायला शिकतानासुद्धा नाही.

"त्या दिवशी मी नवती," ठमाबाई म्हणाली. "कोपर गावाला भैन बालंत झालती."

तिने काठी आपटली. कावळे उडाले आणि परत येऊन बसले.

तीन दिवसांनी त्याने हे सगळं योगिनींना सांगितलं. त्यांनी आईचा कागद दोन बोटांत धरून बाजूला ठेवला.

"मग हा मी लावत नाही. पण पंढरीकाकांचा आहे, तो त्यांच्या समजुतीप्रमाणे खराय. तुम्ही आता गप्प राहिलात तर बहुतेक जिंकाल."

"आणि नाही राहिलो तर?"

"तर ‘उद्भवलेला’ हा शब्द सोडायचा आणि ‘बळावलेला’ धरायचा. बीज घरचं होतं, पण तिथल्या नोकरीने ते उगवलं, असं. पण बीज होतं हे तुम्हीच कबूल केल्यावर ते म्हणू शकतात, झालं तर, आमची पहिली ओळ बरोबरच होती. मग सगळंच जाईल, दादा. ठरवायचं तुम्ही."

घरी दर्शनाने ऐकून घेतलं. भांडी लावता लावता ती थांबली. "तिथं तुम्ही काय सांगायचं ते सांगा. पण मला एक सांगा. घरातलंच असेल तर कल्पिताचं काय?"

कल्पिता तेरा वर्षांची होती. आतल्या खोलीत मोठ्याने इतिहास पाठ करत होती.

त्या रात्री आणि पुढच्या पुष्कळ रात्री विश्राम एकच हिशेब घालत राहिला, आणि तो सुटत नव्हता. आजार बर्फातला असेल तर पोर सुटली, बाप देवाचा राहिला, जगनचं मरण कुठेतरी एका ओळीत आलं. आजार रक्तातला असेल तर जगन येतो तो कुठून? धाकू मढवीने बर्फ पाहिला नव्हता. मग त्याला बांधावर पडताना कसला वास यायचा? त्याला कोण काय विचारायचं? तीस वर्षांमागे गेलेल्या बापाशी विश्रामचं पहिल्यांदाच काहीतरी बोलणं निघालं होतं, पण बाप बोलत नव्हता. तो उपडा होता.

बोर्डाच्या दिवशी लष्करी इस्पितळात तिघे अधिकारी बसले होते. मधल्या लेफ्टनंट कर्नल बाई मेंदूच्या डॉक्टर होत्या. त्यांनी पंढरीचा कागद संपूर्ण वाचला, चष्मा काढला आणि सरळ मराठीत बोलायला लागल्या.

"माझ्या आजोळीही अंगात यायचं, हवालदार. मामीच्या. तुम्ही मला एवढंच सांगा, तुमच्या वडिलांना ढोल वाजत नसताना कधी आलं होतं का?"

पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी नेमका प्रश्न विचारला होता. विश्रामला वाटलं होतं, असा प्रश्न विचारणारं माणूस भेटलं की आपण सुटू. बाजूचा मेजर घड्याळ बघत होता. एक ‘नाही’ म्हटलं की झालं. तो पंढरीच्या कागदाशी जुळला असता, योगिनींच्या अंदाजाशी जुळला असता. देवळात कुणी नाराज झालं नसतं. आणि कल्पिता घरी इतिहास पाठ करत राहिली असती, आणि एखाद्या दिवशी शाळेच्या जिन्यात, किंवा गणपती विसर्जनाला खाडीच्या पाण्यात उतरताना, तिच्या जवळ छत्री उघडून बसलेलं कोणी नसतं.

"आलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "मिठागरात. बरेचदा. मी नाही पाहिलं, आईने पाहिलं."

"वडील कशाने गेले?"

"गुडघाभर पाण्यात बुडून."

बाईंनी लिहिलं. मग पानं मागे उलटली. "अतिउंचीवरच्या तैनातीची नोंद आहे. बर्फाखाली अडकल्याची आहे. डोक्याला मार लागल्याची नाही. का?"

विश्रामने हेलिकॉप्टरचं सांगितलं. टोपी खाली ओढली तेही सांगितलं. हे तो फौजेतल्या कुठल्याही माणसाला पहिल्यांदाच सांगत होता. मेजरने घड्याळावरची नजर काढली.

"साक्षीदार?" बाईंनी विचारलं.

"एक होता, मॅडम."

मग बाई म्हणाल्या, "जे कागदावर नाही ते मला लिहिता येत नाही, हवालदार." आवाज कोरडा होता, पण त्यांनी ‘हवालदार’ म्हणताना मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

निर्णय अडीच महिन्यांनी आला. सेवेमुळे उद्भवलेला, नाही. सेवेमुळे बळावलेला, होय, अतिउंचीवरील खडतर सेवेच्या कारणाने. अपंगत्व वीस टक्के, आजन्म. योगिनी फोनवर ओरडल्याच. "जिंकलो दादा! खरं बोलून जिंकलो, हे मी कुणाला सांगितलं तर विश्वास नाही बसणार."

विश्रामने पानं पुन्हा पुन्हा वाचली. बाप होता, आता दोन ओळींत होता, वयासकट. जगन कुठेच नव्हता.

पंढरीपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नाही. तो आला, पण खुर्चीत बसला नाही. "सरकारी कागदावर देवीला रोग लिवलास. तुजा बापूस गावाचा देव होता, त्याला पेशंट केलास." त्या चैत्रात पालखी मढवींच्या दाराशी थांबली, पण विश्रामच्या समोर कुणी पोर आणलं नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं पोरकंही.

ठमाबाईने विचारलं, "लिवला काय त्यांनी, बापसाचा?"

"लिवला, आये."

"न् मी नवती, ता पन लिवला?"

"नाय. ता कोनी इचारलाच नाय."

ती गच्चीच्या कठड्याला धरून तिवरांकडे बघत उभी राहिली. इतक्या वर्षांत तिलाही कुणीतरी विचारावं असं वाटत होतं की काय, हे त्याला समजेना. तो तिच्या शेजारी बराच वेळ उभा राहिला.

त्याच आठवड्यात तो आणि दर्शना कल्पिताला घेऊन ठाण्यात मेंदूची तपासणी करणाऱ्या एका दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने कल्पिताच्या केसांत भांग पाडत पाडत पांढरा मलम लावला आणि एकेक वायर चिकटवली. एकवीस वायरी.

"पप्पा, फोटो काढा ना," कल्पिता म्हणाली. "एकदम रोबोट दिसतेय ना मी?"

"हलू नकोस गं."

"आजोबांची पण अशी टेस्ट केलेली?"

"नाही."

"मग त्यांना कसं कळलं, काय झालंय ते?"

"त्यांना नाहीच कळलं," विश्राम म्हणाला.

दवाखान्यातल्या मुलीने दिवा मालवला. "डोळे मिट. आता उघड. मिट. जोरात श्वास घे, मी थांब म्हणेपर्यंत." पडद्यावर एकवीस रेघा उजवीकडून डावीकडे सरकायला लागल्या. दर्शना त्यांच्याकडे बघत नव्हती, ती त्या दवाखान्यातल्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होती, तिथे काही उमटतंय का म्हणून. विश्राम रेघांकडे बघत होता. वर जायच्या, खाली यायच्या. त्यांतली कुठली आपली, कुठली धाकूची, कुठली फक्त ह्या पोरीची, हे त्याला वाचता येत नव्हतं. कल्पिता सांगितल्याप्रमाणे जोरजोरात श्वास घेत होती.

"रिपोर्ट शुक्रवारी," दिवा लावत ती मुलगी म्हणाली. "तेल लावून डोकं धुवा, मलम निघून जाईल."